टॅबवरचे तारे

माण तालुक्यातल्या माळावर आमची शाळा होती. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात एक लिंब आणि बाजूला खिचडी शिजवायची खोली. पहिली ते चौथी, पट एकतीस, शिक्षक दोन. बाई पहिली-दुसरीला शिकवायच्या, माझ्याकडं तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज. मुख्याध्यापक म्हणजे घंटा देण्यापासून तांदळाचा हिशेब लिहिण्यापर्यंत सगळं. आजूबाजूला चार वस्त्या, त्यातली थोरली धनगरांची. पावसाळ्यात ती भरलेली असायची. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला पाण्याच्या मुलखात जायची, आणि घरांना कुलपं लागायची. तशीच आमच्या हजेरीपत्रकालाही लागायची.

2015 च्या जूनमध्ये शासनानं प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा निर्णय काढला आणि शाळा-शाळांत एक वारं शिरलं. आमच्याच सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट ज्ञानरचनावादासाठी गाजत होतं. लांबलांबून मास्तर लोक गाड्या करून तिथं बघायला येत होते. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा पहिली डिजिटल शाळा म्हणून नावाजली होती. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड चिकटवून पुस्तकच बोलतं केलं होतं. केंद्राच्या दर बैठकीत एकच विचारणा असायची, "तुमची शाळा डिजिटल झाली का?" झालेले पुढच्या ओळीत बसायचे. आम्ही मागं.

मलाही वाटायला लागलं, आपण का मागं राहावं? शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. विषय मांडला, पाच टॅब घ्यायचे. एकाला सहा हजार धरले तरी तीस हजार रुपये. ऐकून सगळे लिंबाकडं बघायला लागले. सलग तिसरं वर्ष कोरडं चाललेलं, कुणाच्या कनवटीला पैसा नव्हता. पण गावची पोरं मुंबईला माथाडीत होती, त्यांनी निम्मी रक्कम उभी केली. ग्रामपंचायतीनं थोडी दिली. उरलेली वस्त्यांवरून गोळा केली, कुठं पन्नास, कुठं शंभर. धनगराच्या वस्तीवरचे आबा एक दिवस शाळेत आले, पटक्याच्या शेवाची गाठ सोडली आणि दोन हजार रुपये माझ्यापुढं ठेवले.

"आबा, एवढं कशाला?"

"एक पालवा इकला, गुर्जी. नातू साळंत हाय न्हवं. आमाला कुठं काय वाचाय येतंय? मोटारीची पाटी वाचाय आली तरी लई झालं."

ते दोन हजार मी पावतीबुकात लिहिले. आबांनी अंगठा उठवला.

15 ऑगस्ट 2016 ला झेंडावंदनानंतर टॅब वाटले. वाटले म्हणजे सहा-सात पोरांत एक. खोकी उघडताना पोरं अशी दाटीवाटीनं वाकली होती की वरनं नुसती डोकी दिसत होती. तालुक्यातल्या एका तंत्रस्नेही शिक्षकानं मेमरी कार्डात सगळं भरून दिलं होतं. चालीवरच्या कविता, पाढे, अक्षरांचे खेळ, शब्दांचे खेळ. इंटरनेट लागत नव्हतं आणि लागलं असतं तरी आमच्याकडं ते कुठलं? मोबाईलची रेंज बघायलाही लिंबावर चढावं लागे.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने सणासारखे गेले. शेरडं राखायला जाणारी पोरं शाळेत टिकायला लागली. कवितेचा तास लागला की पडवी दणाणायची. माझा गळा तसाही कवितेचा नव्हता, त्यामुळं पोरांचीही सुटका झाली आणि माझीही. पाढे म्हणताना एकही पोरगं आडव्या डोळ्यानं बाहेर बघत नव्हतं. अंगाला हात लावला तर बावरणारी लाजरी पोरगी टॅबमध्ये स्वतःचा आवाज ऐकून हसायची. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळं यंत्रं पोरांना बिघडवतात, असं सरसकट म्हणणाऱ्याशी माझं जमत नाही.

अडचणी होत्याच. शाळेचं वीजबिल थकलं होतं. सादिलचे पैसे खडू, कागद आणि झाडू यांतच संपायचे, त्यामुळं मीटर तोडून नेला होता. मी रोज संध्याकाळी पाचही टॅब पिशवीत घालून दूध संकलन केंद्रावर नेऊन लावायचो. तिथं इन्व्हर्टर होता. सकाळी दुधाच्या किटल्यांच्या वासासकट ते परत आणायचो. माळावरची धूळ चार्जिंगच्या भोकात जायची. बाई जुन्या ब्लाउजपीसच्या पिशव्या शिवून घेऊन आल्या, प्रत्येक टॅबला एक. शाळेच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून 'डिजिटल शाळा' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. त्याचे पैसे मीच दिले. केंद्राच्या बैठकीत आता मी पुढच्या ओळीत बसायला लागलो.

आबांचा नातू तेव्हा दुसरीत होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, तो आता जाणता झालाय. काटक, काळासावळा, केस कायम धुळीनं राठ. एरवी दिवाळीनंतर तो मेंढरांमागं गेला असता. पण त्या वर्षी आजी आजारी म्हणून वस्तीवरच राहिली आणि तिच्या सोबतीला तोही. म्हणजे पहिल्यांदाच अख्खं वर्ष शाळेत. टॅबवर त्याचा हात असा बसला की बघत राहावं. शब्दांच्या खेळात चित्र यायचं आणि खाली तीन शब्द. बरोबर शब्दाला बोट लावलं की टाळ्या वाजायच्या आणि वर एक पिवळा तारा चमकायचा. दहा तारे झाले की पुढची पायरी. हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी पुढच्या पायरीवर. शेवटी शेवटी दुसरी पोरं अडली की त्यालाच हाक मारायची.

बाई अधूनमधून म्हणायच्या, "सर, तो पुस्तक वाचत नाही हो माझ्यासमोर. तोंडच उघडत नाही."

मी म्हणायचो, "लाजत असेल. टॅबवर बघा की, शंभरच्या वर तारे आहेत."

बाई गप्प बसायच्या. माझी नोकरी त्यांच्यापेक्षा बारा वर्षं जुनी होती आणि मी मुख्याध्यापक. वर्षाअखेर विस्तार अधिकारी आले तेव्हा मी त्यालाच पुढं केला. त्यानं साहेबांसमोर पटापट दहा तारे मिळवले. साहेबांनी पाठ थोपटली, फोटो निघाला. शेरेबुकात चांगला शेरा मिळाला. मी तो दोनदा वाचला. पोरगं तिसरीत, माझ्या वर्गात आलं.

2017 मध्ये पायाभूत चाचणी झाली, कागदावरची. तास संपल्यावर पेपर गोळा केले तर याचा पेपर कोरा. नावसुद्धा अर्धंच. आधी मला राग आला. वाटलं, टॅबची सवय लागली, आता पेन्सिल धरायचा कंटाळा येतोय. त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि लिहिलं, 'गवत'.

"वाच."

तो खाली बघत उभा. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"आरं, मेंढराला काय घालतोस तू? वाच की!"

"गुर्जी, टॅब द्या. टॅबात सांगतो."

टॅब दिला. खेळ लावला. गवताचं चित्र आलं, खाली तीन शब्द. त्यानं पहिल्याला बोट लावलं, टॅब म्हणाला 'गरम'. बोट लगेच दुसऱ्यावर, 'गवत'. टाळ्या, तारा. हे सगळं डोळ्याचं पातं लवावं इतक्या झटक्यात झालं. म्हणूनच वर्षभर ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. शब्दाला बोट लावलं की टॅब तो शब्द बोलून दाखवायचा. चुकला तरी एक बारीक आवाज करून पुन्हा संधी द्यायचा. तारा जात नव्हता. पोरगं वाचत नव्हतंच. ते ऐकत होतं. आणि एकदा येऊन गेलेलं चित्र पुन्हा आलं की शब्द कुठल्या कोपऱ्यात होता ते त्याच्या ध्यानात असायचं.

मी टॅबचा आवाज बंद केला आणि म्हटलं, "आता सांग."

त्यानं बोट उचललं. तिन्ही शब्दांवरून ते नुसतं फिरवत राहिला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "गुर्जी, ह्यो मुका झालाय."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. त्यानं मला फसवलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं बरोबर केलं होतं. तारे मिळव म्हटलं, त्यानं मिळवले. फसलो होतो मी, आणि ते माझ्या सोयीचं होतं. पोराला जवळ बसवून त्याच्या बोटाखाली अक्षर ठेवून ऐकायचं, हे कष्टाचं काम. ते टॅबनं केलं असं धरून मी मोकळा झालो होतो. त्या वेळात मी काय करत होतो? ऑनलाइन माहिती भरत होतो, तांदळाचा हिशेब जुळवत होतो. बाई सांगत होत्या, तेही ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी टॅब लावायला दूध केंद्रावर गेलो नाही. पिशवी शाळेतच ठेवली. दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, "तुम्ही वर्षभर सांगत होता, मी ऐकलं नाही. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

बाई काही टोचून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, त्याला काय येतं ते आधी बघू या."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघंही वस्तीवर गेलो. आबांचं खांडवं नुकतंच माळावरनं येत होतं. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं कोंडलेली. मेंढरं आली आणि एकच कालवा उठला. आया ओरडतायत, कोकरं ओरडतायत. आमचं पोरगं कुंपणात शिरलं. एकेक कोकरू उचलायचा, एका मेंढीपाशी सोडायचा, दुसरं उचलायचा. चाळीसेक कोकरं असतील. सगळी काळी, सगळी मला सारखीच. तो एकदाही चुकला नाही.

बाईंनी विचारलं, "तुला कसं रं कळतं कुठलं कुणाचं?"

"त्वांडावरनं. आन् नावं हायती की त्यास्नी." आणि त्यानं भराभर सांगायला सुरुवात केली. काळी, मोरी, टिपकी, बोडकी, बानू, कानतुटी.

परतताना बाई म्हणाल्या, "सर, एवढी तोंडं ओळखणारा पोरगा बाराखडी ओळखू शकत नाही, हे मला पटत नाही. आपण त्याला ओळखीचं काही दिलंच नाही."

सोमवारी टॅब पुन्हा काढले. पण खेळ बंद केले. टॅबमध्ये आधीपासूनच असलेल्या दोन गोष्टी, ज्यांना आम्ही वर्षभर हात लावला नव्हता, त्या वापरायला काढल्या. एक कॅमेरा आणि दुसरा आवाज रेकॉर्ड करायचं बटण. त्याला म्हटलं, तुझ्या कोकरांचे फोटो काढून आण. तो टॅब घेऊन वस्तीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी बारा कोकरं घेऊन आला. निम्म्या फोटोंत नुसतेच कान होते. एकेक फोटो उघडायचा, कोकराचं नाव बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं. मग बाईंनी कागदाच्या पट्टीवर ते नाव लिहायचं आणि त्यानं पट्टी फोटोखाली धरायची. काळी, कानतुटी, दोन्हीत पहिलं अक्षर 'का'. "आरं, ह्ये तर एकच हाय!" असं तो ओरडला तो दिवस मला आठवतो. मोरीतला 'री' आणि माझ्या नावातला 'री' एकच निघाला, तेव्हा तर त्यानं वर्गभर मला कोकराच्या जोडीला बसवलं.

मग सगळ्याच पोरांना ते लागलं. कुणी घरातल्या भांड्यांचे फोटो आणले, कुणी विहिरीचे, कुणी आजीचे. चौथीच्या पोरींनी म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. एकजण ऐकायची, थांबवायची, लिहायची, पुन्हा ऐकायची. शुद्धलेखनासाठी मी आयुष्यभर जी डोकेफोड केली ती त्यांनी हसतखेळत केली, कारण ओवीतला शब्द चुकला तर म्हातारी रागवायची. टॅब तेच पाच होते. फरक एवढाच की आधी टॅब बोलायचा आणि पोरं बोट लावायची. आता पोरं बोलायला लागली. आणि आम्ही दोघं त्यांच्याशेजारी बसायला लागलो. ताऱ्यांचा खेळही पूर्ण टाकला नाही. आवाज बंद करून आठवड्यातून एकदा खेळायचो. पोरांनी त्याला नाव ठेवलं, मुक्याचा खेळ.

श्रावणात त्याची आजी गेली. दिवसकार्य झालं. आबा शाळेत आले, पायरीवर बसले.

"गुर्जी, दिवाळी झाल्याव आमी जानार. आता पोरगं कुणापाशी ठिवू?"

काय सांगणार? हंगामी वसतिगृहाची सोय होती, पण ती ऊसतोडीच्या पोरांचा पट असलेल्या गावात. आमच्या चार पोरांसाठी ते मंजूर होत नव्हतं. शिक्षण हमी पत्रक देता येत होतं. म्हणजे पोरगं जिथं जाईल तिथल्या शाळेत ते कागद दाखवून बसेल. पण ऊसतोडीवाला एका कारखान्याच्या तळावर महिनोन् महिने असतो. मेंढरांचा वाडा एका रानात दोन रात्री, फार तर चार. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. रान खतावलं की घोडीवर बिऱ्हाड चढवायचं आणि पुढं. दर चार दिवसांनी कुठली शाळा शोधणार? तरी पत्रक भरलं. आबांनी अंगठा दिला. कागद मात्र घडी करून पटक्यात गेला तो गेलाच.

पोरगं तेव्हा जोडाक्षरापाशी आलं होतं. अजून महिना-दोन महिने मिळाले असते तर पार झालं असतं. सात महिने रानात गेलं की सगळं पुसून जाणार, हे मला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. अशी किती पोरं मी दिवाळीला घालवली आणि जूनला पुन्हा 'अ'पासून धरली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी बाईंना म्हटलं, "टॅब देऊ या त्याच्याबरोबर."

बाई दचकल्या. "सर, जडवस्तू रजिस्टरला नोंद आहे. फुटला, हरवला तर?"

"माझ्या नावावर लिहितो."

तशी लेखी परवानगी कुणाची नव्हती. मागितली असती तर मिळालीही नसती. समितीच्या अध्यक्षांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "पैसा लोकांचा हाय गुर्जी, जबाबदारी तुमची." मी मान हलवली. रजिस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, नग 1 मुख्याध्यापकांकडे.

पोराला टॅब, दोन वह्या आणि पेन्सिलीचा पुडा दिला. सांगितलं, "रस्त्यात जी पाटी दिसंल तिचा फोटो काढायचा. मैलाचा दगड, यष्टीची पाटी, दुकानाची पाटी. रात्री ती वाचायची, आवाज भरायचा आणि वहीत लिहायची. खेळ बंद. ज्याच्या रानात वाडा बसंल त्याच्याकडं मोबाईलसंगट ह्योबी लावायचा." आबांनी टॅब दोन्ही हातांत धरून पाहिला, मग घोंगडीच्या घडीत ठेवला. माझ्या मनात आलं, याच टॅबात आबांच्या पालव्याचेही पैसे आहेत. त्यांच्या घरी तो चार महिने राहिला तर कुणाचं काय गेलं?

तरी त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली. केंद्रप्रमुख आले की पाच टॅब दाखवावे लागत. चार दाखवायचो, एक चार्जिंगला आहे म्हणायचो. खोटंही नव्हतं. कुठंतरी चार्जिंगला असेलच. एप्रिलमध्ये वस्तीवरचा एकजण लग्नासाठी गावाकडं आला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "त्यो डबा? घोडी बुजली आन् बिऱ्हाड पडलं वड्यात. होळीच्या आदीच." पुढं काही विचारलं नाही.

जून 2018 मध्ये पहिला पाऊस पडला आणि वाडे परतले. शाळेच्या पहिल्या दिवशी आबा आणि नातू दोघंही आले. पोरगं वीतभर वाढलं होतं. आबांनी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला टॅब टेबलावर ठेवला. काचेला मधोमध तडा, एका कोपऱ्यातनं आत चिखल गेलेला. बटण दाबलं, काहीच नाही.

"गुर्जी, पैसं फेडतो. एक पालवा धरून ठिवलाय."

"राहू द्या आबा," मी म्हटलं. पण आत कुठंतरी कडवट झालं होतं, ते लपवत नाही.

मेमरी कार्ड काढलं, दुसऱ्या टॅबमध्ये घातलं. दीडशेच्या वर फोटो निघाले. वडूज. पुसेसावळी. कराड 14 किलोमीटर. खतांचे दुकान. पुढे वळण आहे. एका यष्टीची पाटी, निम्मी कापलेली. साखर कारखान्याची कमान, उलटी. एका शाळेची भिंत, लांबून काढलेली, आत पोरं बसलेली. प्रत्येकाबरोबर आवाज. मागं मेंढरं ओरडतायत, कुत्रं भुंकतंय, आणि हा अक्षर अक्षर जोडत वाचतोय. 'खता...चे... दु...का...न.' एका ठिकाणी आबांचा आवाज, "काय लिव्हलंय रं?" आणि हा ऐटीत, "पाटण. हितनं उजवीकडं." पुढच्या पुढच्या आवाजांत अक्षरं जवळ येत गेली होती. फेब्रुवारीपर्यंत फोटो होते. मग संपले.

"मग पुढं काय केलंस?" बाईंनी विचारलं.

त्यानं पिशवीतनं वही काढली. दुसरीही काढली. टॅब बंद पडल्यावर त्यानं पाट्या बघून बघून वहीत लिहिल्या होत्या. पेन्सिल संपल्यावर कोळशानं. जोडाक्षरं अर्धी चुकलेली, वेलांट्या उलट्यासुलट्या. पण शेवटच्या पानांवर पाट्या नव्हत्या. तिथं लिहिलं होतं, 'बानू आज मेली. मी रडलो. आबा पन.'

बाई ते पान घेऊन पडवीत गेल्या. मी बराच वेळ टॅबचा चिखल पुसत बसलो.

ही गोष्ट सांगितली की लोक मला शाबासकी देतात. म्हणून दुसरी गोष्टही सांगायला हवी. 2016 ते 17 च्या त्या ताऱ्यांच्या वर्षात माझ्याकडं चौथीत एक पोरगी होती. शांत, स्वच्छ, कधी तक्रार नाही. तिचेही तारे भरपूर होते. मी ते बघून ती पास म्हणून पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत पाठवली. माझे डोळे उघडले तेव्हा ती निघून गेली होती. मागाहून कळलं, तिला तिथं वाचता येत नव्हतं. मास्तरांनी पुढं बसवलं, पोरं हसली. सातवीत तिनं शाळा सोडली. तिच्या बापाला शाळा सोडल्याचं कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिचं डोस्कं न्हाय चालत." तिचं डोकं चालत होतं. मी तिच्याशेजारी बसलो नव्हतो. धनगराच्या पोराचा पेपर कोरा राहिला म्हणून तो तरी सापडला. ही कशातही सापडली नाही.

मार्च 2020 मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या. शाळा बंद पण शिक्षण सुरू, असं सांगितलं जात होतं आणि रोज मोबाईलवर धड्यांच्या लिंका यायच्या. आमच्या पाच टॅबांपैकी तोवर दोन चालू होते. एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलं होतं. वस्त्यांवर मोबाईल असला तर रिचार्ज नसायचा. मी आणि बाई तोंडाला रुमाल बांधून वस्त्यांवर जायला लागलो. एकेका लिंबाखाली पाच-सहा पोरं, लांब लांब बसलेली. दोन टॅब पिशवीत असायचे. एखादी कविता ऐकवायची, एखाद्या पोराचा आवाज भरायचा, बाकी पाटी-पेन्सिल. त्या दिवसांत मला ते यंत्र पहिल्यांदा त्याच्या जागेवर दिसलं. फळ्याशेजारी, खडूच्या डब्यासारखं.

पोरगं दहावी पास झालं. आता खांडवं त्याच्याच हातात आहे, आबांच्यानं चालवत नाही. दिवाळीनंतर कधीतरी माझ्या मोबाईलवर एखादा फोटो येतो, मैलाचा दगड, आणि खाली दोन ओळी, आम्ही इथं आहे, पाऊस झाला का. वेलांट्या अजून चुकतात.

मी निवृत्त झालो तेव्हा चार्ज द्यायला जडवस्तू रजिस्टर काढलं. नव्या गुरुजींना एकेक नोंद वाचून दाखवत होतो. टॅब, नग 5. चार पुढं ठेवले, चालू-बंद जसे होते तसे. पाचवा घोंगडीच्या तुकड्यातच होता. त्यांनी तडा बघितला आणि विचारलं, "सर, हा कसा फुटला? शेऱ्यात काय लिहू?"

मी म्हटलं, "नादुरुस्त लिहा, निर्लेखनाला घाला." आणि त्याचे सहा हजार माझ्या खिशातून शाळेच्या खात्यावर भरले होते, ती पावती त्यांच्याकडं दिली. घोंगडीचा तुकडा तेवढा मागून घेतला.